फाउंड्रीची वापरलेली वाळू समुद्रात का नको?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील ओळखीचे कारखानदार भेटले की एक प्रश्न हमखास येतो. समुद्रात माशांसाठी कृत्रिम भित्तिका, म्हणजे त्यांना आसरा देणाऱ्या ठोकळ्यांच्या रचना, तळाशी उभारायच्याच आहेत, तर आमच्या फाउंड्रीतील, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यातील, साच्यांसाठी वापरलेली वाळू, जुने टायर आणि मोडीतील गाड्यांचे सांगाडे तिथे का टाकत नाही? तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो, कारण विचारणाऱ्यांचा हेतू चांगला असतो.

टायरचा प्रयोग होऊन गेला आहे. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ १९७२ च्या सुमारास सुमारे २० लाख टायर समुद्रतळाशी सोडले गेले. त्यांना बांधणाऱ्या पट्ट्या गंजल्या, तुटल्या, आणि वादळांत सुटलेले टायर शेजारच्या नैसर्गिक प्रवाळांवर आदळत राहिले. ते बाहेर काढण्याचे काम पुढे पाण्याखाली बुडी मारणाऱ्या लष्करी जवानांवर आले. जे स्थिर राहत नाही, त्यावर जीव वस्ती करीत नाहीत. समुद्रात कचरा टाकण्याला आळा घालणारा लंडन करार आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही भित्तिकेच्या नावाखाली कचरा टाकू नये, असे बजावले आहे.

फाउंड्रीच्या वाळूविषयी मला अधिक काळजी वाटते. साचा घट्ट करण्यासाठी वापरलेल्या रेझिनमधील (चिकट राळेमधील) फिनॉल हे विषारी रसायन आणि ओतलेल्या धातूंचे अंश तिच्यात राहू शकतात. जमिनीवर विटांमध्ये किंवा पेव्हर ब्लॉकमध्ये ती तपासून वापरण्यास माझा आक्षेप नाही. परंतु पाण्याखाली हे अंश झिरपत राहिले, तर अशा ठोकळ्यांच्या पृष्ठभागाला चिकटून पाणी गाळून खाणाऱ्या कालवांच्या अंगात ते साचतील, आणि ती कालवे आपण आवडीने खातो. साध्या सिमेंटच्या काँक्रीटलाही समुद्र सहजासहजी स्वीकारीत नाही. त्याच्या पृष्ठभागाचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीपणाचे माप) १२ च्या पुढे असतो, तर समुद्राच्या पाण्याचा सुमारे ८. म्हणून हा अल्कलीपणा घटवण्यासाठी सिमेंटचा काही भाग कमी करून पोलाद कारखान्यातील झोतभट्टीच्या धातुमळीची पूड किंवा फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) मिसळतात, पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत ठेवतात, आणि लहान-मोठी छिद्रे सोडतात. कारण कोवळ्या पिलाला हवी असलेली कपार आणि मोठ्या गोब्रा माशाला हवी असलेली गुहा एका मापाची नसते. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडू आणि केरळच्या किनाऱ्यावर त्रिकोणी चौकटी व विहिरीच्या कड्यांसारखे ठोकळे अशाच विचाराने वापरले आहेत.

जागेची निवडही तितकीच नाजूक असते. खानापूरच्या डोंगरांत उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते. अशा नदीमुखाशी मऊ गाळात ठोकळे रुततात आणि गढूळ पाण्यात बसलेले जीव गुदमरतात. घट्ट वाळूचा तळ लागतो, आणि जिवंत प्रवाळ खडकापासून अंतर राखावे लागते.

भित्तिकेभोवती मासे दिसू लागले म्हणजे ते वाढले, असे मात्र मी मानीत नाही. आजूबाजूचे मासे तिथे केवळ गोळा झालेले असू शकतात, आणि सर्वांनी तिथेच जाळी टाकली तर उरलेले वेगाने संपतात. ट्रॉलरचे जाळे ठोकळ्यांत अडकते, ही संरक्षणाची एक बाजू झाली. दुसरी बाजू मच्छीमार गावांनी स्वतः ठरवून पाळलेल्या मासेमारीच्या नियमांची असते, आणि तिच्याशिवाय खर्च व्यर्थ जातो.

बेळगावकडे मागायचेच असेल, तर मी काँक्रीटचे ठोकळे ओतण्याचे साचे मागेन. दर ओतकामानंतर सहज सुटणारे, आतल्या पोकळ्या अचूक ठेवणारे आणि वारंवार वापरता येणारे लोखंडी साचे बनवण्याचे कसब आपल्या पॅटर्नच्या (साच्यासाठीचे नमुने घडवणाऱ्या) कारागिरांकडे आहे, आणि किनाऱ्यावरच्या कामाला ते खरोखर हवे आहे.