तुम्ही विचारलंत म्हणून: तिवरं कोणी तोडली?

मी ठाणे खाडीत पक्षी दाखवणाऱ्या बोटीवर गाईड आहे. तिवर म्हणजे खाडीच्या चिखलात वाढणारी खारफुटी. बोट सुटली की पंधरा-वीस मिनिटांत हा प्रश्न येतोच. आधी रोहित म्हणजे फ्लेमिंगो पक्ष्यांचे फोटो होतात, मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, "काका, पण ही तिवरं तुमच्या गाववाल्यांनीच तोडली ना?" आवाज गोड असतो. मी आजवर "तो बघा, पाणकावळा" म्हणून वेळ मारून नेत आलोय. आता एकदाच लिहून टाकतो.

हो, तोडली. मीसुद्धा तोडली.

पण लगेच मान डोलवू नका. घणसोलीच्या बाजूला आमच्या घरामागे खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी खारी जमीन होती, तिथे आजी ओहोटी बघून कोयता घेऊन उतरायची. चुलीपुरती लाकडं, म्हशीला पाला, बांधाला चार खुंट. तिवर छाटलं तर पुन्हा फुटतं, कांदळ या दुसऱ्या खारफुटीचं तसं नाही, म्हणून कांदळाला ती हात लावायची नाही. हे तिला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. तिवराचं पान उलटं करून जिभेला लावायचं हेही तिचंच. खारट लागतं. झाड बरंचसं मीठ मुळाशीच अडवतं, उरलेलं पानातून बाहेर टाकतं. उन्हाळ्यात पानाच्या मागे ते खरखरीत हाताला लागतं. बोटीत मी हे करून दाखवतो तेव्हा तुम्ही सगळे पान चाटता आणि टाळ्या वाजवता. पाच मिनिटांनी तोच प्रश्न.

'गाववाल्यांनी' म्हटलं की आजीचा कोयता आणि माझा कोयता एकाच पोत्यात जातो. मला राग येतो तो त्याचा. आणि नवी मुंबईच्या पामबीच रस्त्यावरून ऐंशीच्या स्पीडने जाताना रस्त्याखाली पूर्वी काय होतं, हे तुम्ही कुणाला विचारत नाही, त्याचाही. असो. माझ्या कोयत्याचं सांगतो.

1994. मी एकोणीस वर्षांचा, बारावीत आपटलेलो. जमीन गेलेली, मिठागरातलं बापाचं काम सुटलेलं. एका ठेकेदाराला दहा-बारा पोरं हवी होती, रोजचे साठ रुपये. रस्त्यालगतचा पट्टा मोकळा करायचा, पुढे तिथे भराव. कशासाठी ते आम्ही विचारलं नाही. भांगाच्या, म्हणजे छोट्या भरतीच्या, दिवसांत पाणी फार चढत नाही, म्हणून नेमके ते दिवस धरले होते.

तिवराच्या रानात चाललेलं कुणी आहे का तुमच्यात? गुडघाभर चिखल, आणि चिखलातून पेन्सिलीएवढ्या मुळ्या सरळ वर आलेल्या, हजारोंनी. झाड त्यांच्यातूनच श्वास घेतं, कारण खालच्या चिखलात हवाच नसते. आम्ही त्या तुडवत चाललो की कटकट आवाज यायचा. पहिल्या दिवशी मला तो आवाज आवडला होता. हेही लिहितो, लपवून काय करू?

तिसऱ्या दिवशी मोठं झाड आलं. कुऱ्हाडीने तिघांनी मिळून पाडलं. कापलेल्या बुंध्यावर वलयं होती, मी बोट ठेवून मोजली. एकवीस. "माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठं!" असं मी ओरडलो आणि पोरं हसली. खाली निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, टुणटुण उड्या मारत पाण्याकडे पळत होत्या. कितीतरी वर्षांनी गाईडच्या ट्रेनिंगमध्ये कळलं, तिवराची वलयं वर्षाला एक अशी पडतच नाहीत. हे झाड खोडात थरावर थर चढवत जातं, त्यांचा वर्षांशी हिशेब नाही. म्हणजे ते झाड दहाचं होतं की पन्नासचं, कुणास ठाऊक. बोटीत कुणी तिवराचं वय विचारलं की मी अजून अडखळतो.

डंपर लगेच आले नाहीत, महिनाभर काही ना काही अडलं. तेवढ्यात खुंटांना फूट आली, बोटभर, पोपटी. मग एका रात्रीत सगळ्यावर राडारोडा पडला. श्वास घ्यायच्या मुळ्याच विटा-सिमेंटखाली गेल्या, मग तिवर कितीही चिवट असलं तरी काय करणार. सकाळी आजी टोपली घेऊन चिंबोऱ्यांना निघाली होती, मी तिच्या मागे. ती काठावर थांबली. मला वाटलं शिव्या देईल.

"फुटली व्हती रं ती," एवढंच म्हणाली.

आणि वळून घरी गेली. चिंबोऱ्या त्या दिवशी आल्याच नाहीत. त्या साठातले पैसे मी तिच्या हातात ठेवले तेव्हा तिने ते घेतले, तांदूळही आणले. मला ते जास्त लागलं.

त्या एकोणीस वर्षांच्या पोराशी मी अजून भांडतो. तो म्हणतो, मी नसतं तोडलं तर दुसऱ्याने तोडलं असतं. मी म्हणतो, मग दुसऱ्यानेच तोडायचं होतं. त्याला हे पटत नाही. आणि खरं सांगू, मला तरी ते पोट भरलेलं असतानाच पटतं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. 2005 मध्ये उच्च न्यायालयाने तिवरतोडीवर बंदी आणली, 2015 मध्ये खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य झालं, 2022 मध्ये रामसरचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीचा, शिक्का बसला. 2020 मध्ये राज्याचा कांदळवन (खारफुटी) वृक्ष ठरला तो पांढरी चिप्पी. आमच्या तिवराचा नंबर हुकला, याची मला उगाचच चुटपूट आहे.

पण आता वेगळाच पेच आहे, आणि तो बोटीत सांगता येत नाही. खाडी गाळाने भरत चाललीय. जिथे उघडा चिखल होता तिथे तिवर चढलंय, बांध फुटलेल्या शेतांतही तेच. आमच्या होड्यांची वाट अरुंद झालीय, ओहोटीला होडी रुतते. चुलतभाऊ अजून मासेमारीवर जगतो. जेट्टीपर्यंतच्या वाटेतली तिवरं काढायची रीतसर परवानगी मिळावी, असा अर्ज त्याने केलाय. गेल्या महिन्यात घरी घेऊन आला. "तुजी सही पायजे, तुजं नाव आयकतात," म्हणाला.

मी म्हटलं, ठेवून जा, वाचतो. वाचला. एकही ओळ खोटी नाही. कागद अजून टीव्हीच्या खणात आहे. सही केलेली नाही, परतही दिलेला नाही, आणि दर रविवारी तो जेट्टीवर भेटतो.