गुळाचा खडा आणि चुलवाण

आहाराच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे आलेलं करवीर तालुक्यातलं जोडपं, सोबत सासूबाई. लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नाही. जाडजूड फाईल होती, पण सगळी सुनेची. वजन 72 किलो, उंची पाच फूट, पाळी चाळीस-पन्नास दिवसांनी, हिमोग्लोबिन 9.4. लोहाच्या गोळ्या सहा महिने चालू, तरी आकडा जागचा हलेना.

"गोळी कशासोबत घेता?"

"चहासंगट. पर गुळाचा करतोय न्हवं, रगात वाढतंय म्हणत्यात."

तिच्यापुढे गूळ ठेवला आणि रोज घालते तेवढा खडा फोडायला सांगितला. काट्यावर 18 ग्रॅम. असे दिवसाला सहा कप, म्हणजे चारशेच्या आसपास कॅलरी नुसत्या गुळाच्या. वर चहातलं टॅनिन गोळीतलं लोह अंगी लागू देत नाही. घरात बुधवारी-रविवारी मटण, पण फोडी पुरुषांच्या ताटात. हिच्या वाटीत तांबडा-पांढरा रस्सा. सहज अंगी लागणारं लोह असतं ते फोडीत. हे ऐकून सासूबाई गप्प झाल्या. त्यांचंही आयुष्य रस्स्यावरच गेलं असणार.

मग नवऱ्याला कामाचं विचारलं. गुऱ्हाळावर चुलवाणात जळण टाकतो. हंगामात दहा-दहा तास धगीसमोर, गालात तंबाखूचा बार. वृषणांना शरीरापेक्षा दोन-तीन अंश गारवा लागतो. धग आणि तंबाखू दोन्ही शुक्राणूंना मारक. चार वर्षांत त्याची तपासणी एकदाही झाली नव्हती, याचं फार वाईट वाटलं. डॉक्टरांकडून करून घेतली: मिलिलिटरला 90 लाख. 1 कोटी 60 लाखांच्या खाली गेलं की कमी धरतात.

तिचा चहा दोन कपांवर आणला, तोही जेवण आणि गोळीपासून तासभर लांब. गोळी लिंबूपाण्यासोबत. दोघांनाही मोडाची मटकी वाटीभर, रोज पालेभाजी, अंडी, जवसाची चटणी, आणि फोडी दोघांच्या ताटात सारख्या. डॉक्टरांनी तिला फोलिक ॲसिड 400 मायक्रोग्रॅम सुरू केलं. ते दिवस राहण्याआधीच हवं, कारण बाळाची मज्जानलिका (जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात) गर्भ राहिल्यापासून पहिल्या 28 दिवसांत मिटते; पाळी चुकल्याचं ध्यानात येईतो तो काळ सरत आलेला असतो.

शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून त्याची फेरतपासणी तीन महिन्यांनी. तोवर मालकाला सांगून तो चुलवाणावरून गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, भरायच्या कामावर गेला.

तीन महिन्यांनी तिचं हिमोग्लोबिन 11.3, वजन 68, पाळी चौतिसाव्या दिवशी. त्याचे 1 कोटी 40 लाख. तंबाखू दिवसाला दोन बारांवर आलीय, सुटलेली नाही. पुढची तपासणी आणखी तीन महिन्यांनी ठेवली आहे.