एकाच प्रोटीनच्या दोन अँटीबॉडी आणि माझे दोन महिने

एमएस्सीचा प्रोजेक्ट मुंबईत केला, विषय एएमपीके. पेशीत एटीपी (तिची ऊर्जेची चलनी नोट) कमी होऊन एएमपी (ती खर्च झाल्यावर उरलेला भाग) वाढलं की हे एन्झाइम जागं होतं आणि चरबी बनवणं थांबवून ती जाळायला लावतं. लिव्हरच्या हेपजी-2 पेशी वाढवल्या, एएमपीके जागं करणारं डायबिटीसचं औषध मेटफॉर्मिन दिलं, तिथवर सगळं पटापट झालं.

अडकले ते खरेदी विभागात. एएमपीके ज्याला थांबवतं त्या एसीसी या एन्झाइमच्या दोन अँटीबॉडी (ठरावीक प्रोटीन ओळखून चिकटणारे रेणू) मला वेस्टर्न ब्लॉटसाठी हव्या होत्या; या पद्धतीत प्रोटीन जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून पडद्यावर उतरवतात आणि अँटीबॉडी चिकटली तिथे पट्टी म्हणजे बँड दिसतो. त्यातली एक टोटल एसीसी ओळखणारी, दुसरी फक्त फॉस्फेट लागलेलं एसीसी ओळखणारी. फाइल परत आली, शेरा काय तर "एकाच वस्तूची दोनदा मागणी, एक रद्द करावी". खाली जाऊन समजावलं तर म्हणे लेखी द्या, लेखी दिलं तर गाईडची सही नाही, सही आणली तोवर कोटेशनची मुदत संपलेली! रोज कल्याणहून धक्के खात यायचं आणि त्या खिडकीसमोर उभं राहायचं, अजून आठवलं की डोकं फिरतं. दोन महिने गेले यात. शेवटी माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, त्यांना कळेल असं लिहून दे.

मग लिहिलं, की एसीसी मॅलोनिल-कोए बनवतं, तो चरबीचा कच्चा माल. तो भरपूर असला की सीपीटी-1 हे मायटोकॉन्ड्रियाचं (पेशीतल्या चरबी जाळणाऱ्या भट्टीचं) दार बंद राहतं. एएमपीके एसीसीच्या 79 नंबरच्या सेरीन या अमिनो ॲसिडवर फॉस्फेट चिकटवतं, एसीसी थंडावतं, मॅलोनिल-कोए घटतं, दार उघडतं, फॅटी ॲसिड आत जाऊन जळतं. आता फॉस्फेट लागलेल्या एसीसीचा (फॉस्फोचा) बँड गडद आला, तर फॉस्फेट वाढलं की मुळात एसीसीच जास्त होतं, हे टोटल बघितल्याशिवाय कसं कळणार? तीन दिवसांत सही झाली. तुम्ही हा कागद पहिल्याच अर्जाला जोडा, कुणी मागायची वाट बघू नका.

एसीसी जवळपास 280 किलोडाल्टनचं, म्हणजे खूप मोठं प्रोटीन आहे, त्यामुळे जेल 6 टक्क्यांचं घ्या आणि ट्रान्सफर (जेलमधून पडद्यावर उतरवणं) रात्रभर कोल्ड रूममध्ये ठेवा. ब्लॉकिंगला, म्हणजे पडद्यावरची रिकामी जागा झाकायला, दूध नको, त्यातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन (फॉस्फेट लागलेलं प्रोटीन) असतं, बीएसए हे गाईच्या रक्तातलं प्रोटीन वापरा.

बँड आला तेव्हा टोटल दोन्ही लेनमध्ये (औषध दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींच्या रांगांत) सारखं आणि फॉस्फो मेटफॉर्मिनच्या लेनमध्ये ठसठशीत, मी मॅडमना हाताला धरून डार्क रूममध्ये नेलं.

अजून एक राहिलं, पेशी इनक्युबेटरमधून काढल्या की लगेच बर्फावर ठेवून फोडा. बाहेर रेंगाळल्या तर त्यांचं एटीपी घसरतं आणि औषध न दिलेल्या पेशीतही एएमपीके चालू होतं.