कॉम्प्युटरमधले तीन आवाज आणि परड्यातला अर्थिंगचा खड्डा

गेल्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, मी सुटे भाग जमवून माझा पहिला डेस्कटॉप जोडला. सहा कोरचा प्रोसेसर, मध्यम वकुबाचे ग्राफिक्स कार्ड आणि ६५० वॅटचा पॉवर सप्लाय असा साधाच संच आहे. मार्चअखेरपर्यंत तो शांत होता. एप्रिल लागल्यावर मात्र कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात, रात्री सगळे झोपल्यावर, त्यातून एक चिरका, शिवाय गुरगुरणारा आवाज येऊ लागला. त्याच्या शोधाची ही नोंद आहे. ज्यांनी स्वतः मशीन जोडले आहे त्यांना पुढेमागे अशा आवाजाशी गाठ पडतेच, म्हणून मी सगळ्या पायऱ्या, चुकलेल्यासुद्धा, लिहून ठेवत आहे.

एप्रिल, पहिला आठवडा

सुरुवातीलाच एक चूक झाली. मी सगळा मिळून एकच आवाज आहे असे धरून चाललो आणि पॉवर सप्लायवर संशय घेऊन तो परत करण्याच्या तयारीला लागलो. तीन रात्री वाया गेल्यावर स्पीकरची पिन उपटून पाहण्याचे सुचले. पिन काढताच गुरगुर थांबली, पण चिरका स्वर तसाच राहिला. म्हणजे एक आवाज तारेतून स्पीकरपर्यंत जात होता आणि दुसरा कॅबिनेटमधल्या एखाद्या भागाच्या प्रत्यक्ष थरथरण्याने हवेत उमटत होता. दोघांचे मूळ वेगळे, उपायही वेगळे. ही दहा सेकंदांची चाचणी मी पहिल्या रात्रीच करायला हवी होती.

त्याच रात्री तिसरा आवाजही सापडला, तो म्हणजे बारीक टकटक. मागच्या पंख्याच्या पात्याला एक सुटी वायर चाटत होती. केबल टाय लावला आणि तो विषय संपला.

एप्रिल, दुसरा आठवडा: चिरका स्वर

आवाज नेमका कोठून येतो हे उघड्या कानाने कळत नाही, कारण कॅबिनेटचा पत्रा तो सगळीकडे पसरवतो. मी जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाची हातभर लांब सुरळी केली, एक टोक कानाला लावले आणि दुसरे टोक एकेका भागाजवळ, कशालाही न टेकवता, फिरवले. पॉवर सप्लायच्या जाळीजवळ फक्त पंख्याची हवा ऐकू आली. प्रोसेसरजवळ काही नाही. ग्राफिक्स कार्डाच्या मागच्या कडेला, जिथे करड्या रंगाचे चौकोनी चोक ओळीने बसवलेले असतात, तिथे सुरळी नेताच तो स्वर एकदम स्पष्ट झाला, जणू कोणी कानाशी बारीक शिट्टी धरली आहे.

यालाच कॉइल व्हाइन म्हणतात. चोक म्हणजे चुंबकीय गाभ्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. तिच्यातला प्रवाह कमीजास्त झाला की चुंबकीय क्षेत्र बदलते, तारेच्या वेढ्यांवर बल येते आणि गाभ्याचा आकारही अत्यल्प बदलतो. लोखंड चुंबकीय क्षेत्रात किंचित लांबते हे जेम्स ज्यूल यांनी १८४२ मध्येच दाखवून दिले होते. कार्डावरचा वीजपुरवठा सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो आणि ती वारंवारता माणसाच्या कानाच्या आवाक्याबाहेर, म्हणजे २०,००० हर्ट्झच्या कितीतरी पलीकडे असते. मग आपल्याला ऐकू काय येते? प्रत्येक चित्र तयार करताना कार्ड एकदम जास्त प्रवाह ओढते आणि काम संपताच तो सोडते. ही ओढाताण सेकंदाला शेकडो वेळा झाली की ती ऐकू येणाऱ्या पट्ट्यात येते आणि चोक त्या तालावर कापतो.

याचा पडताळा सहज घेता आला. खेळाच्या सुरुवातीच्या मेनूवर कार्डाला काहीच अवघड काम नसते, त्यामुळे ते सेकंदाला ९०० चित्रे काढत होते आणि तिथेच शिट्टी सर्वांत तीव्र होती. माझा मॉनिटर ७५ हर्ट्झचा आहे. सेटिंगमध्ये चित्रांची मर्यादा ७५ वर बांधताच स्वर खाली उतरला आणि पंख्याच्या आवाजात जवळजवळ बुडाला. नंतर कार्डाचे व्होल्टेज थोडे उतरवून पाहिले, त्यानेही फरक पडला आणि तापमान सहा अंशांनी कमी झाले, ही वरकड मिळकत.

चोकवर गोंद किंवा नेलपॉलिश ओतण्याचा उपाय मला दोघांनी सुचवला. मी तो केला नाही. वॉरंटी जाते हे एक कारण, आणि हा आवाज भागाच्या बिघाडाचा नसून त्याच्या कामाचाच असतो हे दुसरे. ज्या आवाजाने नुकसान होत नाही त्याच्यासाठी चालू कार्ड धोक्यात घालणे मला पटत नाही.

एप्रिल, तिसरा आठवडा: स्पीकरमधली गुरगुर

खरी गोष्ट इथे सुरू होते. गुरगुर खालच्या सुरातली, अखंड आणि थोडी खरखरीत होती. माउस हलवला की तिच्यावर बारीक किरकिर चढत असे. ती किरकिर पुढच्या ऑडिओ पिनची केबल ग्राफिक्स कार्डाला घासून गेल्यामुळे होती. स्पीकर मागच्या पिनला जोडल्यावर ती बरीचशी गेली, गुरगुर मात्र तशीच राहिली. मात्र कॅबिनेटच्या पत्र्यावर मी तळहात ठेवला की ती कमी व्हायची आणि हात काढला की पुन्हा यायची.

हे मी जेवताना सांगत होतो, तेव्हा आई म्हणाली, "त्या डब्याला पुसताना माझ्या हाताला मुंग्या येत्यात, मी परवाच सांगणार होतो तुला." आई शहाबादी फरशीवर अनवाणी उभी राहून पुसत होती आणि मी मात्र कायम रबरी चपलांवर बसत आलो होतो, म्हणून मला ते कधी जाणवले नव्हते. त्याच क्षणी मी मेन प्लग काढला.

मुंग्यांचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पॉवर सप्लायमध्ये आत येणाऱ्या विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज (वीज आणणारी तार) आणि पत्रा, तसेच न्यूट्रल (परतीची तार) आणि पत्रा यांच्यामध्ये एकेक छोटा कपॅसिटर (विजेचा भार साठवणारा भाग) असतो. अर्थिंग, म्हणजे पत्र्याची जमिनीशी असलेली जोडणी, नीट असेल तर कपॅसिटरमधून जाणारा अगदी थोडा प्रवाह निमूट जमिनीत जातो. अर्थिंग तुटलेले असेल तर पत्रा दोन कपॅसिटरच्या मधोमध लटकतो आणि त्यावर पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे २३० चे सुमारे ११५ व्होल्ट दिसतात. प्रवाह थोडा असल्याने झटका बसत नाही, पण त्याला वाट हवीच असते, आणि ती माझ्याकडे ऑडिओ केबलच्या जाळीतून, स्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून जात होती. तीच गुरगुर.

मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून बोर्डावर मोजले. फेज-न्यूट्रल २३२, फेज-अर्थ ११२, न्यूट्रल-अर्थ १०९. अर्थिंग चांगले असते तर दुसरा आकडा पहिल्याच्या जवळ आणि तिसरा एक-दोन व्होल्टच्या आसपास हवा होता.

तो रविवार

ओळखीचे वायरमन काका सकाळीच आले. त्यांनी आधी घरातली सगळी उपकरणे प्लगमधून काढायला लावली आणि मगच फेज व अर्थ यांच्यामध्ये १०० वॅटचा बल्ब जोडला. बल्ब लागला नाही. उपकरणे का काढायची ते त्यांनी सांगितले: अर्थ तुटलेला असताना हा बल्ब जोडला तर फेज बल्बमधून घरातल्या प्रत्येक फ्रिज-गिझरच्या पत्र्यावर पोहोचतो. ही चाचणी कोणीही स्वतः करू नये.

परड्यातला अर्थिंगचा खड्डा शेवटचा कधी उघडला होता ते घरात कोणाला आठवत नव्हते. झाकणाची फरशी उचलल्यावर प्लास्टिकच्या पाइपातून खाली गेलेली जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार काकांनी हलकेच ओढली आणि ती हातात आली. टोक सुईसारखे निमुळते झाले होते आणि त्यावर पांढरा-तांबूस चुरा होता. खाली पुरलेल्या धातूच्या प्लेटचा नटबोल्ट गंजून त्याचा एकच गोळा झाला होता. ओल टिकावी म्हणून खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात, आणि तेच मीठ वर्षानुवर्षे लोखंड खाते. "तार पायपातच तुटल्या. पावसाळ्यात पायपात पाणी भरतंय, तवा लागत असणार," काका म्हणाले. ऑगस्टपासून स्पीकर गप्प का होते आणि एप्रिलमध्ये का गुरगुरू लागले, याचे उत्तर त्या एका वाक्यात मिळाले. तार तुटलेलीच होती, फक्त भरलेल्या पाइपातले पाणी तिचे काम करत होते.

दुसरा एक माणूस मध्येच म्हणाला की बोर्डातच न्यूट्रलवरून अर्थला वायरचा तुकडा जोडला की काम होईल. काकांनी ते साफ नाकारले आणि मीही इथे आग्रहाने लिहितो की तसे करू नये. बाहेर कुठेही न्यूट्रल तुटला की चालू उपकरणांतून आलेला पूर्ण फेज त्या तुकड्यावरून कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो आणि हात लावणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. गुरगुर घालवण्यासाठी प्लगची जाड, म्हणजे अर्थची पिन काढून टाकणेही तितकेच घातक आहे.

उद्यमनगरातून नवीन प्लेट, तांब्याची पट्टी आणि पितळी नटबोल्ट आणले. खड्डा खोल केला, कोळसा आणि मिठाचे थर दिले, दोन घागरी पाणी ओतले आणि जोड वरूनही तपासता यावा असा ठेवला. काकांनी अर्थ टेस्टर मागवून जमिनीकडे जाणाऱ्या वाटेचा रोध मोजला, ४.६ ओहम भरला. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (वीज जमिनीकडे गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घेतला, जो खरे तर आधीच असायला हवा होता.

संध्याकाळचे आकडे: फेज-न्यूट्रल २३१, फेज-अर्थ २३०, न्यूट्रल-अर्थ १.४. स्पीकर पूर्ण आवाजावर ठेवून कान लावला तेव्हा फक्त अ‍ॅम्प्लिफायरची मंद फुसफुस होती. आईने अनवाणी उभे राहून पत्र्यावर हात ठेवला आणि मान हलवली.

मे, पहिला आठवडा

परवा रात्री वळवाने झोडपले आणि लाइट गेली. घरचा इन्व्हर्टर चौकोनी लहर देणारा आहे, तेव्हा त्यावर पॉवर सप्लायमधून एक कोरडी घरघर ऐकू आली, जी लाइट येताच थांबली. ती घरघर इन्व्हर्टरच्या धारदार लहरीमुळे आहे. शुद्ध साइन, म्हणजे गुळगुळीत लहरीचा यूपीएस घेईपर्यंत लाइट गेली की काम जतन करून मशीन बंद करायचे ठरवले आहे.

पॉवर सप्लाय मी शेवटपर्यंत उघडला नाही. त्यातला मुख्य कपॅसिटर प्लग काढल्यावरही बराच काळ ४०० व्होल्टच्या आसपास भार धरून राहू शकतो.

आज सकाळी न्यूट्रल-अर्थ पुन्हा मोजले, १.३ आले. आकडा खड्ड्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह ऑइलपेंटने लिहून ठेवला आहे. पुढची नोंद जूनमध्ये, पाऊस लागल्यावर.