मलई की फिकट बदामी?

शेड कार्डावर हे दोन रंग जुळे भाऊ वाटतात. मलईला पिवळी झाक आहे आणि बदामीला तांबूस, हे कळतं चार भिंती रंगून झाल्यावर. तोवर पेंटरचा हिशेबही झालेला असतो.

आधी दोन्ही चौकोन झेरॉक्सच्या कोऱ्या कागदावर ठेवून बघा, झाक लगेच उघडी पडते. दुकानदाराला मिक्सिंग मशीनवरचा फॉर्म्युलाही विचारावा. मलईत साधारणपणे यलो ऑक्साइड मुख्य असतं, बदामीत जोडीला रेड ऑक्साइड. काळं दोन्हीत असू शकतं, आणि घोळ तिथेच होतो. पिवळ्यात काळं पडलं की रंग हिरवटाकडे झुकतो. त्यात खाली कोटा फरशी आणि वर ६५०० केल्विनची पांढरीफटक एलईडी ट्यूब असेल, तर रात्री भिंत चक्क आजारी दिसते. अशा खोलीत बदामीच घ्यावी. पश्चिमेच्या खोलीत उलटा प्रकार: संध्याकाळचं ऊन आणि ३००० केल्विनचे पिवळे दिवे यांत बदामी गुलाबी होते, तिथे मलई बरी.

नमुन्याचा पट्टा जुन्या रंगावर मारू नका. निळ्या भिंतीवर कुठलाही उबदार रंग नारिंगी भासतो. दोन बाय दोन फुटांच्या हार्डबोर्डला प्रायमर लावा, मग रंगाचे दोन हात, मध्ये चार तास. कडेला दोन इंच पांढरं सोडा. इमल्शन वाळल्यावर किंचित गडद होतं, म्हणून निर्णय दुसऱ्या दिवशी. बोर्ड भिंतीला उभाच टेकवा (आडवा ठेवला की उजेड वेगळा पडतो), खिडकीसमोर आणि खिडकीच्या भिंतीलाही. सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिवे लावून बघा.

चार भिंती एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे खोलीत तोच रंग बोर्डापेक्षा गडद वाटतो. कार्डावर एक घर फिकं घ्या. नमुना मॅटचा आणि भिंतीला चकचकीत रंग, असंही नको.

१० बाय १२ च्या खोलीत, उंची १० फूट धरून, दारं-खिडक्या वजा जाता भिंती सुमारे ३८० चौरस फूट. दोन हातांना साधारण ३ लिटर लागतो. ४ लिटरचा एकच डबा घ्या, उरलेला टचअपला येतो. सुटे लिटर आणले तर दर वेळी थेंबाचा फरक पडतो आणि जोड ऐन भिंतीच्या मधोमध दिसतो. आणलेच असतील तर सगळे एका बादलीत ओतून ढवळा, मगच रोलर बुडवा.