नाल्याच्या कामासाठी नागपूरची फेरी

आमच्या शिवारातला नाला गाळानं अन् बेशरमाच्या झुडपांनी पार बुजलाय. पावसाळ्यात पाणी संत्र्याच्या बागेत शिरतं, उन्हाळ्यात विहिरी कोरड्या. राज्य सरकारच्या जलयुक्त शिवार 2.0 या जलसंधारण योजनेतून नाल्याचं खोलीकरण होतं का, हे विचारायला शेजारचे काकाजी आणि मी काटोलहून सकाळच्या एसटीनं नागपूरला गेलो.

काकाजींचा अर्ज तयारच होता: ‘माझ्या शेतालगतचा नाला खोल करून मिळावा.’ सिव्हिल लाइन्समधल्या साहेबांनी तो बाजूला ठेवला आणि गावनकाशा मागितला. नाल्याच्या रेघेवरून पेन सरकवत नेला, वरच्या अंगाला एका गटावर थांबवला. “हा तुकडा झुडपी तर नाही ना? सातबारा पाह्यला का, काकाजी?” काकाजी माझ्याकडे पाहायला लागले.

खरी मेख तिथंच आहे. नागपूरसह पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत कितीतरी जमिनीवर ‘झुडपी जंगल’ अशी नोंद आहे, मग तिथं झाड असो की नसो. 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं ही जमीन वनच धरली. म्हणजे तिथं पोकलेन लावायचा तर 1980 चा वन कायदा आडवा येतो. बांध-बंधारे वनविभागानं स्वतः वनसंवर्धन म्हणून केले तर मात्र केंद्राची परवानगी लागत नाही. म्हणून तेवढ्या तुकड्यातलं काम योजनेच्या गाव आराखड्यात वनविभागाच्या नावावर टाकायला सांगा, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना आधी भेटा.

दुसरं, नैसर्गिक नाला दोन शेतांमधून वाहत असला तरी महसूल संहितेच्या कलम 20 नुसार तो सहसा सरकारचाच. एकट्या शेतकऱ्याच्या अर्जाला वजन नाही, ग्रामसभेचा ठराव हवा. 26 जानेवारीच्या सभेत विषय घेतलात तर उन्हाळ्याआधी निदान अंदाजपत्रकाचं बोलता येतं. ठरावात गट नंबर लिहा, ‘गावातील नाले’ असं मोघम नको.

पैसा खात्यात येतो हाही गैरसमज. खोलीकरणाचं काम सरकारी यंत्रणाच करते. हातात काही पडायचं असेल तर ते ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’मधून: तलावातला गाळ शेतात टाकायला पात्र लहान शेतकऱ्याला घनमीटरमागे 35.75 रुपये, एकरी 15,000 च्या मर्यादेत, अडीच एकरांपर्यंत. ट्रॅक्टरचं भाडं पाहता भागत नाही, पण आधार होतो.

एका टेबलावर आम्हाला तासभर बसवून ‘तालुक्यालाच द्या’ सांगितलं. ते खरंच होतं. अर्ज काटोललाच द्यायचा, नागपूरला फक्त झुडपीचा घोळ आणि मंजुरी कुठं अडली ते विचारायला जायचं. जाताना गावनकाशा, नाल्यालगतच्या सगळ्या गटांचे सातबारे आणि ठरावाच्या दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.