जरा बातम्या लावा की

सोलापूरच्या नवी पेठेतल्या त्या दुकानात भर दुपारी गिऱ्हाईक म्हणून मी एकटीच होते, त्यामुळे पोराला घाई नव्हती. आधी स्वस्तातला स्पीकर वाजवून दाखवला, मग मधला, मग भिंतीजवळचा महागडा. गाणं तेच. फक्त एकावरून दुसऱ्यावर जाताना त्याचा अंगठा मोबाइलच्या कडेवरून अलगद वर सरकत होता. स्वस्ताला बारीक आवाज, महागाला मोठा.

"फरक कळायलाय का मॅडम?"

कळायलाय की. अंगठ्याचाच कळायलाय.

पण खोटं कशाला बोलू, महागडा खरंच छान वाटला. कान असाच फसतो. एकच स्पीकर जरासा मोठा करून परत ऐकवला, तर माणूस "आवाज वाढवलात" म्हणत नाही, "हा चांगला आहे" म्हणतो. अमेरिकेत बेल लॅबमध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली हे मोजून ठेवलंय. बारीक आवाजात कानाला खालचे सूर, म्हणजे ढोल-पखवाजाचं अंग, नीट ऐकूच येत नाही. आवाज वाढवला की ते सूर जागे होतात आणि गाणं भरल्यासारखं वाटतं. नवी पेठेतल्या पोराला फ्लेचर ठाऊक नसेल, पण त्याच्या अंगठ्याला ठाऊक होता.

आमचा मुलगा हिंजवडीत नोकरीला. त्यानं मला आधीच एक तक्ता पाठवून ठेवला होता. आडव्या ओळीत जेबीएल, सोनी, बोस, यामाहा, इन्फिनिटी, हर्मन कार्डन आणि कलकत्त्याचा सोनोडाइन. उभ्या रकान्यांत वॅट, ओहम, किंमत, तारे. शेवटी त्याचं मत लाल अक्षरात. मुलाचं मत लाल अक्षरात आलं की आईनं काय समजायचं ते समजावं. तक्ता मी नीट वाचला, कारण आयुष्यभर हिशेबाच्या वह्या तपासल्यात, सवय जात नाही. तर त्यातले जेबीएल, इन्फिनिटी आणि हर्मन कार्डन हे तिघं एकाच हर्मन कंपनीचे, आणि ती कंपनीही २०१७ पासून सॅमसंगची. म्हणजे माझा मुलगा रात्र जागून एकाच मालकाच्या तीन खिशांची तुलना करत होता. हे त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "आई, ट्यूनिंग वेगळं असतं." असेल बाबा.

तक्त्यातला सगळ्यात मजेचा रकाना म्हणजे '२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ', म्हणजे स्पीकर किती खालच्या सुरापासून किती वरच्या सुरापर्यंत वाजतो ते. जवळजवळ सगळ्यांच्या पुढे तेच. सोलापूरहून पुण्याला रस्ता जातो एवढंच सांगायचं आणि खड्ड्यांचं नावच काढायचं नाही, तसला प्रकार. मधे कुठे किती डेसिबल (आवाजाच्या जोराचं माप) वर उसळी, कुठे किती खाली, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. शिवाय पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला बारा-तेरा किलोहर्ट्झच्या पुढचं फारसं ऐकू येत नाही. म्हणजे त्यापुढचे पैसे मी गल्लीतल्या मांजरांसाठी मोजायचे.

तरी हे आताचे आकडे सभ्य म्हणायचे. नव्वदच्या दशकात डेकवर जे स्टिकर लावलेले असायचे ते आठवा. चांदीच्या कागदावर '२००० वॅट पीएमपीओ', म्हणजे क्षणभरासाठीचा म्हणे कमाल जोर. मागे बघावं तर वायरीजवळच्या पट्टीवर विजेचा खप साठ वॅटसुद्धा नाही. उरलेली वीज कुठून येत होती, सिद्धेश्वरालाच माहीत. पण स्टिकर कुणी काढत नसे. आमच्या ओळखीत एका घरी डेक बंद पडून वर्षं झाली तरी तो शोकेसमध्ये स्टिकरसकट होता. पाहुणे वाचायचे.

"मॅडम, दुसरं गाणं लावू का?"

"गाणं नको. जरा बातम्या लावा की."

पोरानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कापडाच्या दुकानात जाऊन चहा मागितला. पण ही माझी जुनी खोड आहे आणि ती सोडायचा माझा विचार नाही. स्पीकर घ्यायचा तर त्यातून माणूस बोलताना ऐकायचा. गाण्यातलं व्हायोलिन स्टुडिओत कसं वाजलं होतं ते मला काय माहीत? ढोल मुळात केवढा होता तेही माहीत नाही. पण माणूस कसा बोलतो ते पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. नाकात बोलतोय, घसा बसलाय, तोंडावर पदर धरून बोलतोय, लगेच कळतं. आणि ही निव्वळ सोलापुरी खोड नाही. सत्तरच्या दशकात बीबीसीच्या लोकांनी बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांत मावेल असा एलएस३/५ए नावाचा छोटासा स्पीकर बनवला. तिथले इंजिनिअर स्पीकर जोखताना माणसाचं बोलणं ऐकायचे. ओळखीचा माणूस बोलताना आधी प्रत्यक्ष ऐकायचा, मग स्पीकरमधून. हे मी फार उशिरा वाचलं आणि उगाच आनंद झाला.

माझी खोड मात्र साखर पेठेतली. आजोबांचा रेडिओ होता फिलिप्सचा, लाकडी पेटीचा, वर आजीनं विणलेला रुमाल. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या. सुधा नरवणे यांचा आवाज लागला की घरात कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही, तांब्यासुद्धा आपटायचा नाही. आता तांब्या आपटला नाही तरी शेजारच्या अव्वांकडचे माग खटाखट चालूच असायचे, पण ते आमच्या हिशेबी आवाजात धरत नसत. पूर्वभागात, आमच्या या विणकरांच्या वस्तीत, मागाचा आवाज बंद पडला तरच माणसं दचकून बाहेर येतात.

रेडिओला आवाजाचं एक बटण आणि सुराचं एक. सुराचं बटण आजोबांनी पिळून अगदी ट्रेबलच्या, म्हणजे वरच्या बारीक सुरांच्या, टोकाला नेलेलं असायचं. इतकं की बातम्यांतला प्रत्येक 'स' शिट्टी मारत यायचा. काका वैतागायचे. कुणाचं लक्ष नसताना बटण मधोमध आणून ठेवायचे. आजोबा पहिल्या वाक्यालाच ओळखायचे आणि परत पिळायचे. काकांचं ठाम मत होतं की म्हाताऱ्याला आवाजातलं काही कळत नाही.

काकांना कळत होतं म्हणून त्यांनी मडकं आणलं. हा प्रकार ज्यांच्या घरी झाला त्यांना सांगायला नको. जुन्या बाजारातून गाडीच्या टेपचा गोल स्पीकर आणायचा, कुंभाराकडून त्याच मापाच्या तोंडाचं मडकं आणायचं, स्पीकर तोंडावर बसवायचा, कडेला कणीक लिंपायची. वायर टू-इन-वनच्या मागे जोडायची. पहिलं गाणं लागलं तेव्हा अख्खी गल्ली दारात. काय तो ढूम! जमिनीवर बसलेल्यांच्या मांड्यांना जाणवायचा. मडक्याच्या पोटातली हवा आपल्या ठरलेल्या एकाच सुरावर घुमते, त्यामुळे गाणं कुठलंही असो, बास तोच. भजन असो, लावणी असो, ढूम एकच. पण आम्हाला तेव्हा तो स्वर्ग होता. अव्वासुद्धा ऐकायला येऊन बसल्या होत्या, तेलुगूत काहीतरी कौतुकाचं बोलल्या. आजोबा मात्र थोडा वेळ मान तिरपी करून बसले आणि म्हणाले, "मडकं बोलायलंय. माणूस कुठाय?"

आजोबांना माणूस हवा होता आणि तो त्यांना सापडत नव्हता. जन्मभर मिलमध्ये मागावर काढलेला. शंभर-शंभर माग एका छताखाली, पाळीभर. अशा गोंगाटानं कान जातो तो एकदम आणि सगळा जात नाही. आधी चार हजार हर्ट्झच्या आसपासचा जातो. आणि नेमके तिथेच स, श, फ, ट असल्या अक्षरांचे काठ असतात. मग माणसाला बोलणं ऐकू येतं, पण काठ झिजलेलं. आ, ई, ओ नीट येतात, मधली अक्षरं अंदाजानं. आजीनं स्वयंपाकघरातून "साखर संपली" म्हटलं की आजोबांना "भाकर संपली" ऐकू यायचं, आणि ते बिचारे ताटावरून उठायला लागायचे. आम्ही पोरं हसायचो. आजी नाही हसायची, ती ताटाजवळ येऊन, तोंडासमोर तोंड करून परत सांगायची. मागावरच्या लोकांना ओठ वाचायची सवय असतेच.

म्हणजे ते बटण पिळणं ही आवड नव्हती. किंवा आवडच होती, पण त्या कानांची. जेवढं कानातून गेलं तेवढं बटणातून भरून काढायचं. काका सरळ कानांचे, त्यांना ते कर्कश वाटणारच. आणि मी त्या रेडिओसमोर वाढले, त्यामुळे मला आजही जरा धारेचा आवाज खरा वाटतो. मुलगा म्हणतो, "आई, तुला पातळ आवाज आवडतो." आमच्या घरचे म्हणतात, "मोठाच घे, हॉलमध्ये दिसायला पाहिजे." हॉलमध्ये दिसायला पाहिजे हा निकष मी पूर्वी हसण्यावारी न्यायची. पण त्यालाही मोठी परंपरा आहे. हर्मनच्या फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली आपल्याच कंपनीतल्या लोकांना स्पीकर ऐकवले. एकदा समोर ठेवून, एकदा पडद्याआड. समोर दिसत होते तेव्हा मोठ्या देखण्या खोक्यांना भरघोस गुण आणि छोट्या स्वस्ताला कमी. पडदा पडला आणि गुण सरकले. बनवणाऱ्या घरच्या माणसांची ही गत, तर आमचे हे बिचारे एलआयसीतून निवृत्त.

त्याहून मला रुतलेली गोष्ट दुसरी. या लोकांना असंही आढळलं की पडद्याआड ऐकवलं तर तयार कानाची आणि साधी माणसं बऱ्याच अंशी त्याच स्पीकरना पसंत करतात. म्हणजे 'आवड ज्याची त्याची' म्हणून आपण जे मिरवतो, त्यात ब्रँड, किंमत, रंग आणि मुलाची लाल अक्षरं काढून टाकली तर फार काही उरत नाही. स्वतःच्या कानावर विश्वास ठेव म्हणतात, पण कानाला कधी एकटं सोडतं का कुणी? माझ्या कानाशी आजोबा बसलेत.

ज्याची त्याची असते ती खोली. हे कुठल्याच तक्त्यात नव्हतं. आमच्या हॉलला खाली शहाबादी फरशी, समोरासमोर कोऱ्या भिंती. टाळी वाजवली की टाळीला शेपूट फुटतं. दहा फूट रुंद खोलीत छप्पन-सत्तावन्न हर्ट्झच्या सुराला दोन भिंतींच्या मधे बरोबर बैठक मिळते, तो सूर उगाच फुगतो. स्पीकर कोपऱ्यात सरकवला तर आणखी. म्हणजे मडकं काकांनी विकत आणलं होतं, आम्ही आता त्याच्या आतच राहतो. यावर परदेशी लोक भिंतीला आवाज शोषणारे महागडे फलक लावतात. मी जाड सोलापुरी चादर काढली, मोराची नक्षीवाली, आणि भिंतीपासून वीतभर पुढे दोरीवर टांगली. टाळीचं शेपूट बरंच छाटलं गेलं. फुगलेल्या बासला चादरीनं काही होत नाही, त्याला स्पीकर भिंतीपासून पुढे ओढणं हाच उपाय. अर्थात येणारा प्रत्येक जण विचारतो, "हॉलमध्ये का वाळत घातलीय?" विचारू देत.

तर पोरानं अखेर बातम्या लावल्या. अंगठा हलवायचा नाही, असं मी त्याला आधीच बजावलं. महागड्यातला निवेदक छातीतून बोलत होता, जरा जास्तच छातीतून, मंगल कार्यालयातल्या माईकवर असतात तसा. स्वस्तातला चोंदलेला. मधल्यातला माणूस माणसासारखा होता, 'स' जागेवर. तोच घेतला. ब्रँड सांगत नाही. सांगितला की घरातला वाद इथेही सुरू होईल. पोरगा बिल करताना म्हणाला, "मॅडम, बासला कमी हाय हा, मिरवणुकीचं गाणं नाय वाजणार बगा." म्हटलं, मिरवणूक घरी आणायचीच नाहीय.

ती तशीही घरापर्यंत येतेच. गणपतीत पूर्वी आमच्या चौकातून लेझीम जायची. शंभर पोरं, एक ताल, सोलापूरच्या लेझमीला तोड नव्हती आणि ज्या मंडळांनी ती टिकवलीय त्यांच्याकडे आजही नाही. आता वर्षभरात कुठली ना कुठली मिरवणूक असतेच आणि ट्रॉलीवर बासच्या स्पीकरांची भिंत असते. खिडकीची काच आधी ऐकते, मग आपण. अशा भिंतीला काय आवडनिवड लावायची, ऐकायचा प्रश्नच नसतो. पंचाऐंशी डेसिबल कान आठ तास सोसतो, असा हिशेब आहे. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे शंभरला फक्त पंधरा मिनिटं. आजोबा त्या आवाजात पाळीभर उभे राहिले, पण त्यावर घर चाललं, दोन आत्यांची लग्नं झाली.

माझा भाचा, एकोणीस वर्षांचा, परवा रात्री त्या भिंतीपुढे नाचून आला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मावशी, कानात शिट्टी वाजायलीय." ताई म्हणाली, कोमट तेल घाल. मी म्हटलं, तेल बिल घालू नको, कानाच्या डॉक्टरकडे चल. तो हसला. संध्याकाळी फोन करून विचारलं तर म्हणाला, थांबली की मावशी शिट्टी, काय एवढं.

थांबते ती. आजोबांचीही सुरुवातीला सुट्टीच्या दिवशी थांबायची, आजी सांगायची.